दर तीन महिन्यांनी तोच फोन: पासवर्ड चुकतोय, खातं लॉक झालंय

"ओ सर, परत लॉक झालंय की." चाटी गल्लीतली कापडाची पेढी असो, अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो की सात रस्त्याजवळचा एखादा दवाखाना, तक्रार हीच. कॉम्प्युटरने पासवर्ड बदला म्हणून सांगितलं, बदलला, दोन दिवस चालला, मधे रविवार आला आणि सोमवारी आठवेना. चार-पाचदा चुकीचा टाकला, खातं बंद. मग रीसेट, मग नवा पासवर्ड, आणि तीन महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून सगळं.

सोलापुरातल्या लहान ऑफिसांची कॉम्प्युटरं सांभाळणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे ही तक्रार चालू राहिली तर माझंच मीटर चालू राहतं. तरी सांगतो, ती कायमची बंद करता येते. स्मरणशक्ती वाढवायला नको, बदाम खायला नकोत. चिन्हांनी भरलेला आठ अक्षरांचा गिचमिड पासवर्ड सोडायचा आणि चार-पाच साध्या शब्दांचा पासफ्रेज घ्यायचा. मात्र तो मराठीतून घेताना दोन-तीन ठिकाणी ठेच लागते, आणि बहुतेक लिखाण इंग्रजी वाचकासाठी असल्यामुळे त्या ठेचांबद्दल कुठे वाचायला मिळत नाही.

आधी हे तपासा

पासवर्ड बरोबर टाकूनही खातं तासाभरात आपोआप लॉक होत असेल, तर दोष तुमच्या बोटांचा नाही आणि पासफ्रेजनेही तो जाणार नाही. जुना पासवर्ड कुठल्या तरी यंत्रात साठवलेला असतो आणि ते यंत्र तुमच्या नावाने तोच पुन्हा पुन्हा टाकत बसतं. नेहमीचे आरोपी म्हणजे मालकांच्या मोबाईलमधलं मेलचं ॲप, स्कॅन केलेला कागद थेट सर्व्हरच्या फोल्डरमध्ये टाकणारा प्रिंटर, आणि पलीकडच्या टेबलावरचा तो कॉम्प्युटर ज्यावर कुणीतरी तुमच्या नावाने लॉगिन करून जेवायला गेलंय. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर असतो, तो उघडून जुन्या नोंदी काढा. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये नवा पासवर्ड भरा. प्रिंटर सगळ्यात शेवटी आठवतो, म्हणून मी त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

हे नसेल, खरोखरच आठवत नसेल, तर पुढे वाचा.

विसरतो का?

नियम सगळ्यांना पाठ आहे: किमान आठ अक्षरं, एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह, दर ९० दिवसांनी बदल. आता या नियमापुढे बसलेला सोलापूरकर काय करतो? गावाचं नाव लिहितो, पहिलं अक्षर कॅपिटल करतो, पुढे ॲट द रेट आणि १२३. बदला म्हटलं की १२४. कंटाळा आला की सिद्धेश्वर आणि चालू वर्ष. गाडीवाला असेल तर एमएच१३. जुना माणूस असेल तर एसटीडी कोड ०२१७. पिन कोड ४१३००१ तर अनेकांचा लाडका. हुशार असेल तो 'ओ'च्या जागी शून्य आणि 'एस'च्या जागी डॉलर टाकतो आणि मनातल्या मनात पाठ थोपटून घेतो.

आणि मग सोमवारी जे होतं ते विसरणं नव्हेच. सोलापूर आठवतं, ॲट द रेट आठवतं, फक्त १२३ वर थांबलो होतो की १२५ वर, आणि हॅश शेवटी होता की मधे, एवढंच आठवत नाही. मागचे चार पासवर्ड एकमेकांत मिसळलेले असतात, कारण ते चारही जवळजवळ एकच आहेत.

फोडणाऱ्यासाठीही ते एकच आहेत. २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड जसेच्या तसे, उघड्या अक्षरांत बाहेर पडले. सर्वांत जास्त वेळा आलेला होता १२३४५६. माणसं पासवर्ड कसा घडवतात, कॅपिटल कुठे टाकतात, आकडा कुठे चिकटवतात, हे शिकायला तेव्हापासून जगभरच्या चोरांकडे आयतं पाठ्यपुस्तक आहे. हिशोब करून बघा. १ लाख शब्द आणि नावं, त्यापुढे येणारी १० चिन्हं, त्यापुढे १०० वर्षांपैकी कुठलंही एक वर्ष. झाल्या १० कोटी शक्यता. चोरीला गेलेल्या पासवर्डांची फाईल हातात असेल आणि ती जुन्या, वेगवान पद्धतीने साठवलेली असेल, तर आजचं एक महागडं ग्राफिक कार्ड सेकंदाला १० हजार कोटींच्या वर अंदाज तपासतं. म्हणजे सिद्धेश्वर, ॲट द रेट आणि वर्ष याला सेकंदाचा हजारावा भाग.

हा कॅपिटल-आकडा-चिन्हाचा नियम आला कुठून? अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक ठरवणाऱ्या संस्थेत बिल बर नावाचे अधिकारी होते. त्यांनी २००३ मध्ये लिहिलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेतून तो जगभर पसरला. निवृत्तीनंतर २०१७ मध्ये त्यांनी स्वतःच एका वर्तमानपत्राला सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी एनआयएसटीने नवी पुस्तिका काढली: चिन्हांची सक्ती नको, गळती झाल्याचा पुरावा नसताना ठरावीक मुदतीने बदलायची सक्ती नको, लांबी निदान ६४ अक्षरांपर्यंत चालू द्या, मधल्या मोकळ्या जागाही चालू द्या. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या शिफारशीच्या सुरक्षा सेटिंगमधून मुदतीची अट काढून टाकली. आपल्याकडच्या ऑफिसांत मात्र ९० दिवस अजून ठाण मांडून बसले आहेत.

शब्द तुम्ही निवडायचे नाहीत

पासफ्रेज म्हणजे वाक्य, असं सांगितलं की लोक लगेच आवडतं वाक्य काढतात. सोलापुरात तर विचारायलाच नको. 'हर्र बोला हर्र, सिद्धेश्वर महाराज की जय.' लांबी भरपूर, विसरण्याचा प्रश्नच नाही. पण गड्ड्याच्या यात्रेत सातही नंदीध्वजांमागे लाखभर लोक जे एका सुरात म्हणतात, ते गुपित कसं होईल? अभंगाचा चरण, आरतीची ओळ, सिनेमातला डायलॉग, म्हण, घोषणा, शाळेतली प्रार्थना, सगळं बाद. अशा ओळींच्या याद्या फोडणाऱ्यांकडे असतात. नसल्या तरी तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडे नक्की असतात.

मुलांची नावं ओळीने लावणं तर त्याहून वाईट.

शब्द नशिबाने निघाले पाहिजेत, आवडीने नाही. यासाठी जगात रुळलेली पद्धत फाशांची आहे. अरनॉल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये ७,७७६ शब्दांची यादी केली. पाच फासे टाकले की जितक्या तऱ्हा होतात तितकेच शब्द, म्हणजे प्रत्येक तऱ्हेला एक. २०१६ मध्ये ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेने त्याच धर्तीवर सोप्या शब्दांच्या याद्या काढल्या. या याद्या इंग्रजी आहेत. इंग्रजी शब्द सहज टाइप करणाऱ्यांनी सरळ बिटवॉर्डन किंवा कीपासएक्ससी हा पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका कुलपात सांभाळणारा प्रोग्राम, उघडावा; दोन्हींत पासफ्रेज काढून द्यायचं बटण आहे. काम संपलं, त्यांनी पुढचा भाग सोडला तरी चालेल.

ज्यांना मराठी शब्दच जवळचे वाटतात, त्यांच्यासाठी मी पेढ्यांवर चालवतो ती युक्ती. चांगला जाडजूड मराठी शब्दकोश घ्या. घरात नसेल तर वाचनालयात बसूनही हे होतं. गल्ल्यातून वापरलेल्या नोटा मूठभर काढा. पहिल्या नोटेच्या नंबरातले शेवटचे तीन आकडे म्हणजे पान. तेवढी पानं नसतील तर ती नोट बाजूला आणि पुढची घ्या. दुसऱ्या नोटेचे शेवटचे दोन आकडे म्हणजे त्या पानावरचा वरून कितवा शब्द. तो शब्द आजोबांनीही ऐकला नसेल असा निघाला, तर तिथून खाली उतरत पहिला ओळखीचा शब्द घ्या. असे पाच काढा. एटीएममधून आलेल्या कोऱ्या नोटा यासाठी नकोत, त्यांचे नंबर ओळीने लागलेले असतात. गल्ल्यातली मळकी नोटच बरी. ती दुपारपर्यंत खर्चूनही जाते, मागे काही उरत नाही.

समजा निघाले: टोपण, बटाटा, अंगण, पगार, ढग. (हे पाच आता छापले गेले, तुम्ही वापरायचे नाहीत.) आता यांची गोष्ट करा. टोपण घातलेला बटाटा अंगणात बसून पगार मागतोय, तोही ढगाकडे. जितकं वेडगळ तितकं पक्कं बसतं. शब्दांचा क्रम निघाला तसाच ठेवा. गोष्ट नीट जुळावी म्हणून मागेपुढे करू नका, आणि हे पाच आवडले नाहीत म्हणून परत काढू नका. आवडेपर्यंत काढत राहिलात की निवड पुन्हा तुमचीच झाली, आणि तुमची आवड ओळखणारे गावात खूप आहेत.

सोलापुरात एकाच माणसाच्या तोंडी मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू असते, तेव्हा चार भाषांतले शब्द मिसळले तर अधिक भक्कम होईल का, असं पूर्व भागातल्या एका कारखान्यातल्या अक्कांनी विचारलं. थोडंफार होईल, पण ताकद भाषेतून येत नाही, नशिबाने निघण्यातून येते. चारही भाषांतले शब्द तुम्हीच मनाने निवडले असतील, तर ते चहा, पाणी, अम्मा, घर असेच येतात.

किती शब्द पुरे?

ओळखीचे मराठी शब्द ५,००० धरू. चार शब्दांच्या शक्यता होतात ६२५ लाख कोटी. आकडा छाती दडपवणारा आहे, पण वरच्या कार्डाला त्या सगळ्या तपासायला पावणेदोन तास पुरतात. खरोखर नशिबाने काढलेल्या आठ अक्षर-चिन्हांच्या पासवर्डला साधारण साडेअठरा तास लागतात. म्हणजे चार शब्द आठ खऱ्या गिचमिड अक्षरांच्या थोडे मागेच आहेत. 'चार शब्द म्हणजे अभेद्य' असं जे ऐकवलं जातं, ते म्हणून मला पटत नाही. पाचवा शब्द आला की तेच काम वर्षभरावर जातं. सहावा आला की ५,००० वर्षांच्या आसपास. प्रत्येक जादा शब्द चोराचं काम ५,००० पट करतो आणि तुमचं काम गोष्टीतल्या एका पात्राने वाढवतो.

हा सगळा हिशोब फाईल चोराच्या हातात पडली असेल आणि ती वेगाने तपासता येणारी असेल तेव्हाचा. हल्लीच्या बऱ्या सेवा पासवर्ड मुद्दाम संथ पद्धतीने साठवतात, तिथे तेच कार्ड प्रचंड मंदावतं. आणि चोर लॉगिनच्या खिडकीतून एकेक अंदाज टाकत असेल, तर काही चुकांनंतर खातंच बंद होतं. तिथे चार शब्दही भरपूर. म्हणून माझी वाटणी अशी: नेहमीच्या लॉगिनला चार, मुख्य ईमेल आणि पासवर्ड मॅनेजरला पाच, आणि जी वस्तू उचलून नेता येते, म्हणजे पेन ड्राइव्ह, लॅपटॉप, बॅकअपची फाईल, तिला सहा.

एवढे पासफ्रेज लक्षात ठेवायचे का? नाही. तीन-चारच. बाकी सगळ्या पोर्टलांचे पासवर्ड मॅनेजरने तयार करावेत आणि मॅनेजरनेच आठवावेत. एकच पासफ्रेज सगळीकडे वापरणारा माणूस मात्र आधी होता त्याहून बिकट जागी येऊन बसतो.

स्पेलिंगची मारामारी

मराठी पासफ्रेज घेतलेल्यांपैकी जे पुन्हा फोन करतात, ते जवळजवळ सगळे इथे अडकलेले असतात. शब्द पाठ, गोष्ट पाठ, तरी चुकतोय. कारण शब्द मराठी, अक्षरं रोमन. ज्या गावाच्या स्वतःच्या नावाचं रोमन स्पेलिंग जुन्या कागदांवर 'एस-एच'ने आणि नव्या कागदांवर नुसत्या 'एस'ने सापडतं, तिथे चादरीत डी एक की दोन, हा वाद होणारच. भाकरीच्या शेवटी आय की डबल ई? फुलाला एफ की पी-एच? वाटीला व्ही की डब्ल्यू? झाडाला झेड की जे-एच? पहिल्या दिवशी एक लिहितो, आठवड्याने दुसरं.

यावर दोन उपाय आहेत. एक, स्वतःचा नियम ठरवा आणि मोडू नका: स्वर कधीच दुहेरी नाही, 'व' नेहमी व्ही, 'फ' नेहमी पी-एच, शेवटचा अनुस्वार लिहायचाच नाही. दुसरा मला जास्त पसंत आहे. ज्याचं स्पेलिंग दोन तऱ्हांनी होऊ शकतं, तो शब्द काढतानाच गाळा आणि पुढचा घ्या. बटाटा, कपाट, दगड, टोपण, पगार यांत स्वर दुहेरी न करण्याचा एक नियम पाळला की वाद उरत नाही. ज्ञ, क्ष, ऋ असलेले शब्द आले की डोळे मिटून पुढे जा. यादी थोडी लहान होते, म्हणून वर मी ५,०००च धरले.

मग सरळ देवनागरीतच का लिहू नये? प्रश्न रास्त आहे, आणि कागदावर उत्तर 'लिहा' असंच आहे. प्रत्यक्षात तीन भानगडी आहेत.

पहिली, डोळ्यांना सारखं दिसणारं अक्षर कॉम्प्युटरला सारखं नसतं. 'दुसऱ्या' मधला आडवा र काही कीबोर्ड एका पद्धतीने लिहितात, काही दुसऱ्या पद्धतीने, आत एक न दिसणारं चिन्ह घालून. 'ॲप' मधला ॲ कुठे एक अखंड अक्षर म्हणून उमटतो, कुठे 'अ'वर चंद्र ठेवून. पडद्यावर फरक शून्य. पासवर्ड तपासणारं यंत्र मात्र आतले संकेतांक बघतं आणि चूक म्हणतं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ठेवलेला पासवर्ड घरच्या मोबाईलवर चालत नाही, त्यामागे हे असू शकतं.

दुसरी भानगड लांबीची. पुष्कळ संकेतस्थळं बीक्रिप्ट नावाच्या पद्धतीने पासवर्ड साठवतात, आणि ती पहिले ७२ बाइटच बघते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक खुणेला तीन. काना वेगळा, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा, हलन्त वेगळा. म्हणजे २४ खुणांत मर्यादा संपते. तुमचे शेवटचे दोन शब्द कुणी वाचतच नसेल आणि तुम्हाला ते कळणारही नाही.

तिसरी, कॉम्प्युटर सुरू होतानाच जो पिन किंवा पासवर्ड विचारला जातो, तिथे मराठी कीबोर्ड आलेलाच नसतो. तेव्हा शब्द मराठी, अक्षरं रोमन, सगळी लहान, मधे मोकळी जागा किंवा आडवी रेघ. हेच निभावतं.

लहान रोमन अक्षरांचा आणखी एक फायदा इथेच सांगून टाकतो. काही कॉम्प्युटरांवर कीबोर्डची मांडणी ब्रिटिश निवडलेली असते. तिथे ॲट द रेट आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांच्या जागा अदलाबदल होतात. पासवर्ड ठिपक्यांत दिसत असल्यामुळे काय उमटलं ते कळत नाही, आणि माणूस बरोबर कळ दाबून चुकत राहतो. साध्या शब्दांना ही अडचण येत नाही.

"एवढं लांबलचक कोण टाइप करणार?" असं साठी उलटलेल्या एका दिवाणजींनी विचारलं होतं. तेच दिवाणजी दिवसभर टॅलीत नॅरेशन टाइप करतात. २५-३० लहान अक्षरं म्हणजे त्यांच्यासाठी निम्मी ओळ. शिफ्ट दाबून चिन्ह शोधण्यातच खरा वेळ जातो.

टाकला, पण घेत नाही

मोबाईलवर पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल होतंय का ते बघा. सुचवलेला शब्द दाबून निवडला की शेवटी एक मोकळी जागा चिकटते, ती पुसा. व्हॉट्सॲपवरून चिकटवला असेल तर आधी व्हॉट्सॲपवर पासफ्रेज कुणी आणि का पाठवला ते विचारा. डोळ्याचं चित्र दाबून काय लिहिलंय ते उघड करून वाचा. आजूबाजूला कुणी नसताना.

काही पोर्टलं मोकळी जागा घेत नाहीत. तिथे आडवी रेघ चालते का बघा, नाहीतर शब्द जोडून लिहा. काही कॅपिटल आणि आकडा मागतातच. पहिलं अक्षर कॅपिटल करा आणि शेवटी ठरलेला एक आकडा आणि एक चिन्ह लावा. त्याने सुरक्षितता वाढत नाही, फक्त दारावरच्या रखवालदाराचं समाधान होतं. ताकद शब्दांत आहेच.

चौदा-पंधरा अक्षरांवर थांबवणारी पोर्टलंही आहेत. तिथे पासफ्रेज बसवायच्या नादाला लागू नका, दोन शब्दांचा तुटका पासफ्रेज काही कामाचा नाही. मॅनेजरकडून नशिबाचा पासवर्ड घ्या, जितका लांब चालेल तितका, आणि दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर ओटीपीसारखा दुसरा पुरावा मागण्याची सोय, चालू करा.

सर्वांत चीड आणणारी जात म्हणजे गुपचूप कापणारी. तुम्ही ३० अक्षरं लिहिता, ते २० ठेवून घेतात आणि सांगत नाहीत. त्यासाठी नवा पासफ्रेज ठेवल्यावर लगेच बाहेर पडा आणि शेवटचं अक्षर मुद्दाम गाळून लॉगिन करून बघा. उघडलं तर तिथे शेपूट कापलं जातंय. मग तो पासफ्रेज तिथे ठेवू नका.

जिथे 'विसरलात का?' हे बटण नाही

आतापर्यंतची तक्रार त्रासाची होती, ही नुकसानीची आहे. संकेतस्थळाचा पासवर्ड विसरला तर ओटीपी येतो. पण टॅलीतला डेटा कुलूपबंद करणाऱ्या टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड विसरला, तर कंपनीचा डेटा उघडायला दुसरा रस्ता नाही. बनवणारेही तो काढून देऊ शकत नाहीत. बिटलॉकर हे विंडोजचं कुलूप लावलेल्या ड्राइव्हचा पासवर्ड गेला तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की लागते, आणि ती कुठे जपून ठेवली आहे असं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. सेव्हन-झिप या फाईली बांधणाऱ्या प्रोग्राममध्ये एईएस-२५६ ही कुलुपाची पद्धत निवडून बंद केलेली बॅकअपची फाईलही तशीच. कुलूप चांगलं आहे म्हणूनच मालकालाही ते तोडता येत नाही.

एक्सेलबद्दल एक गैरसमज जाता जाता. फाईल उघडतानाच पासवर्ड मागते ते खरं कुलूप. शीट प्रोटेक्ट केली, ते कुलूप नव्हे. कुणी चुकून खोडू नये एवढीच ती सोय. पगारपत्रक असलेली शीट प्रोटेक्ट करून मेलवर पाठवणारे बघितले की मला घाम फुटतो.

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो तो नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष. पाठवण्यापुरती ती सोय ठीक आहे, पण लोकांनी तोच साचा उचलून स्वतःच्या फाईलींना लावला आहे. नाव आणि वय माहीत असलेल्या कुणालाही अशी फाईल चहा निवायच्या आत उघडता येते.

म्हणून या वस्तूंना सहा शब्द. आणि हे सहा शब्द कागदावर लिहायचे, होय, लिहायचेच. शाईने, स्पेलिंगसकट, अक्षर न् अक्षर सुटं. लिफाफ्यात घालून, वर सही करून, तिजोरीत किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. कीबोर्डखाली आणि मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला कागद वेगळा आणि तिजोरीतला वेगळा. परदेशात बसलेला चोर तुमच्या तिजोरीपर्यंत येत नाही. लिफाफा आहे हे घरातल्या किंवा धंद्यातल्या आणखी एका माणसाला ठाऊक हवं, कारण मालक आजारी पडले तरी जीएसटीची तारीख थांबत नाही.

लिफाफा ठेवला आणि विसरला, हेही होतं. लक्ष्मीपूजनाला वहीपूजन करता ना? त्याच दिवशी लिफाफा काढा, बॅकअपची फाईल त्यातल्या शब्दांनी खरोखर उघडते का ते बघा, नव्या लिफाफ्यात घालून परत ठेवा.

वाय-फायचं थोडक्यात. डब्ल्यूपीए२ या वाय-फायच्या कुलुपात ८ ते ६३ अक्षरं चालतात, म्हणजे पासफ्रेजची सोय राऊटरमध्ये आधीपासून आहे. तरी निम्म्या दुकानांत तिथे मालकांचा मोबाईल नंबर असतो, जो बाहेरच्या पाटीवरही असतो. तो पाटीवर नसता तरी रस्त्यावर उभं राहून जोडणीची देवाणघेवाण पकडता येते आणि घरी नेऊन दहा आकड्यांच्या सगळ्या शक्यता तपासता येतात. चांगल्या ग्राफिक कार्डाला त्याला दिवसही लागत नाही. पाच शब्द ठेवा. गिऱ्हाइकांसाठी राऊटरमध्ये पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क चालू करा.

पासफ्रेजने न सुटणारं

बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला तुम्ही स्वतःच सहाही शब्द सांगितलेत, खोट्या पानावर टाइप केलेत, किंवा अनोळखी एपीके, म्हणजे ॲपची फाईल, मोबाईलवर चढवलीत, तर शब्द सहा असोत की सोळा. दुहेरी पडताळणी यातलं थोडं अडवते, सगळं नाही. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा. सोलापूरकराला हा नंबर वेगळा पाठ करावा लागू नये. सोलापुरात इंग्रजांनी लावलेल्या मार्शल लॉचं साल कोण विसरेल? त्याच कारणाने हे साल पासवर्डमध्ये टाकू नका, ते खूप जण टाकतात.

पाच माणसं एकच लॉगिन वापरत असतील तर त्यातला एक जण नोकरी सोडतो त्या दिवशी पासफ्रेज बदलायचा. मुदतीची सक्ती नको म्हणजे कधीच बदलायचा नाही असं नाही. गळतीची शंका आली, लॅपटॉप चोरीला गेला, माणूस गेला, की त्याच दिवशी बदल. तुमचा ईमेल कुठल्या गळतीत सापडला आहे का, हे ट्रॉय हंट यांच्या 'हॅव आय बीन पोन्ड' या संकेतस्थळावर फुकट बघता येतं.

राहता राहिला ऑडिटर किंवा पुण्या-मुंबईचं हेड ऑफिस, जे ९० दिवसांचा हट्ट सोडत नाही. त्यांना एनआयएसटीची २०१७ ची पुस्तिका दाखवा. २०२५ च्या आवृत्तीत तर एकट्या पासवर्डवर चालणाऱ्या लॉगिनला किमान १५ अक्षरं सांगितली आहेत आणि चिन्हांची व मुदतीची सक्ती करूच नका असं स्पष्ट लिहिलं आहे, तेही दाखवा. तरी ऐकलं नाही तर भांडू नका. तारीख आली की एकच शब्द बदलून भागवू नका, नोटा काढून चारही शब्द नवे काढा. सोमवारी किंवा मंगळवारी बदला, शुक्रवारी-शनिवारी कधीच नाही, म्हणजे सुट्टी येण्याआधी नवे शब्द चार-पाच दिवस बोटांखालून गेलेले असतील. पहिला आठवडा चिठ्ठी पाकिटात नोटांबरोबर ठेवा, त्यावर ऑफिसचं किंवा लॉगिनचं नाव न लिहिता. आठवड्याने ती फाडून टाका.